मैद्याची खळ

शनिवारी दुपारी मुकेशचा फोन आला तेव्हा जागृती ताकसांडे नानाजींचं अध्यक्षीय भाषण लिहीत होती. भाषण उद्याचं होतं, पुस्तक प्रभाकररावांचं होतं आणि नानाजींनी ते वाचलेलं नव्हतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

जागृतीचा व्यवसाय लेखन-संपादनाचा. नोकरी नाही, कचेरी नाही. सिंदी मेघेतल्या घरातला दिवाण, त्यावर लॅपटॉप आणि शेजारी भाजी निवडत बसलेली आई, कमलाबाई. वर्धा जिल्ह्यात कवींना तोटा नाही आणि त्यांतले निम्मे तरी जागृतीच्या हाताखालून गेलेले. ती त्यांच्या कविता निस्तरायची, प्रस्तावना लिहून द्यायची, निमंत्रणपत्रिका करायची, समारंभाचं सूत्रसंचालन करायची आणि पाहुण्यांची भाषणंही लिहायची. टाळ्या तेवढ्या लोक आपापल्या वाजवत.

एवढं सगळं करून तिच्या मनात एकच हौस उरली होती. आपण संपादन केलेलं एखादं तरी पुस्तक भर सभेत कुणीतरी उघडावं आणि त्यातलं पान वाचावं. कारण प्रकाशन म्हणजे काय, तर रंगीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक सोडायचं, छातीशी धरायचं, फोटोवाल्याकडे पाहून हसायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं. मग हार, मग भाषण, मग जेवण. पुस्तक बिचारं मिटलेलंच घरी जायचं.

"ताई, कवर लय भारी आलं," मुकेश फोनवर म्हणाला. मुकेशचा वर्ध्यात छापखाना होता. "लॅमिनेशन तं असं चमकून राह्यलं, का तोंड पाहून घ्या त्याच्यात."

"अन् पुस्तक?"

"प्रभाकरसरांचा फोटो तं एकदम जवान दिसून राह्यला."

"मुकेश, पुस्तक कुठं हाय?"

"पुस्तक सोमवारी."

जागृतीच्या हातून लॅपटॉप पडता पडता राहिला. बाइंडिंगचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं आणि त्यातला एकमेव जाणकार मेकॅनिक सासुरवाडीला गेला होता. पानं छापून तयार होती, पण सुटी. मुखपृष्ठं तेवढी तयार होती. ती त्यानं एका पोराबरोबर पाठवूनही दिली होती.

समारंभ पुढं ढकलणं शक्य नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव उगेमुगे यांना उद्या पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुली-जावई, भाचे, जुने विद्यार्थी, सगळे गोळा झाले होते. पहिलंवहिलं पुस्तक, 'तुरीच्या शेंगा आणि मी'. पंचाहत्तरीच्या दिवशी ते हातात घ्यायचं म्हणून सरांनी नवं धोतर आणलं होतं. शिवाय त्यांचं हृदय नाजूक होतं. "अप्पांले धक्का बसन असं काई सांगजो नको," असं थोरल्या मुलीनं जागृतीला बजावून ठेवलं होतं.

"आता माहं नाव जिल्ह्यातून गेलं," जागृती म्हणाली आणि डोक्याला हात लावून बसली. "पुस्तकाबिगर प्रकाशन! याच्यापुढं मले कोन काम देईन?"

कमलाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "काऊन रडून राह्यली? तुह्या त्या परकाशनात पुस्तक उघडते कोन?"

"आई, चेष्टा नको करू."

"चेष्टा नाई बाई. मी तुह्यासंगं इतक्या कार्यक्रमाले आली. एकानंही पान उलटवताना नाई पायलं. कवर हाय ना तुह्यापाशी? मंग आत कोनतंही पुस्तक घाल. सोमवारी खरे आले का बदलून टाक."

जागृतीनं आईकडे पाहिलं. जे वर्षानुवर्षं तिचं दुखणं होतं, तेच आज औषध म्हणून पुढं आलं होतं. तिनं दोन-तीनदा "छे" म्हटलं आणि मग उठून दिवाणाचं झाकण उचललं.

दिवाणात रूपराव होते. म्हणजे रूपराव थूल यांच्या 'पुढं वळण आहे' या कवितासंग्रहाचे गठ्ठे. नाचणगावचे रूपराव शेती खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा संग्रह जागृतीनंच मन लावून केला होता आणि "काका, लोक वाचतील पाहा," असंही म्हणून बसली होती. लोकांनी वाचला नाही. एक प्रत तेवढी खपली. ती कुणी घेतली हेही कळलं नाही. शेवटी रूपराव एक दिवस ऑटोतून सगळे गठ्ठे घेऊन आले आणि म्हणाले, "तूच म्हनत होती ना लोक वाचतीन? मंग लोक येतपर्यंत राहू दे तुह्याच घरी."

तोच छापखाना, तोच आकार, जाडीही तीच. जणू प्रभाकररावांच्या मुखपृष्ठासाठीच ते पुस्तक दिवाणात थांबलं होतं. व्यासपीठासाठी पाच प्रती पुरे होत्या. जागृतीनं आतलं नावाचं पान ब्लेडनं कापलं. कमलाबाईंनी मैद्याची खळ शिजवली. त्यांचा हात कशातच आखडता नसे. भाजीत तेल असो नाहीतर कागदाला खळ, त्या सढळ घालत. जुन्या मुखपृष्ठावर नवं चिकटलं, वर गुलाबी कागद आला, सोनेरी फीत आली आणि पाच पुस्तकं नवऱ्या मुलीसारखी सजून टेबलावर बसली.

"नानाजी अध्यक्ष हायेत ते बरं," जागृती म्हणाली. नानाजींनी आजवर असंख्य समारंभांचं अध्यक्षपद भूषवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी ते भूजलपातळीवर बोलत. जागृतीनं भाषण लिहून दिलं तरी ते पहिलं वाक्य वाचून भूजलाकडेच वळत. पुस्तक त्यांच्या हातात अगदी सुरक्षित होतं.

रविवारी सकाळी सभागृह असं भरलं की मागच्या लोकांसाठी शेजारच्या शाळेतून बाकं आणावी लागली. सनई वाजत होती. मसालेभाताचा वास येत होता. प्रभाकरराव नव्या धोतरात, कपाळाला कुंकू, आणि डोळे त्या गुलाबी पुडक्यांवर. "जागृती, एकदा हात लावून पाहू का?" ते लहान मुलासारखे विचारत होते.

"नको सर. कार्यक्रमातच पाहा. मजा राह्यते."

पहिल्या रांगेत अगदी डावीकडची खुर्ची रूपरावांची. ती जिल्ह्याभर त्यांचीच असे. रूपराव प्रत्येक साहित्यिक कार्यक्रमाला येत, कारण घरी बसून राग येण्यापेक्षा तिथं बसून आलेला बरा, असं त्यांचं मत होतं. वक्ता जरा रेंगाळला की रूपराव खणखणीत आवाजात म्हणत, "पुढं घ्या!" ग्रामसभा चालवून चालवून लागलेली सवय ती. भलेभले वक्ते त्या दोन शब्दांनी निम्म्या भाषणात बसले होते.

तेवढ्यात नानाजींचा फोन आला.

"पोरी, मी कारंजाले अडकलो. भाच्याचा साखरपुडा होता. आता हायवेवर ट्रकांची अशी रांग लागली, का मुंगी सरकत नाई."

"नानाजी! अध्यक्ष तुमी हायेत ना!"

"काई काळजी करू नको. मी मोहिनीताईले फोन लावला. त्या निघाल्यासुद्धा."

जागृतीच्या पायांखालची फरशी सरकली. प्रा. मोहिनीताई म्हणजे जिल्ह्यातल्या नावाजलेल्या समीक्षक. त्या कधी लिहिलेलं भाषण वाचत नसत आणि पुस्तकही आधी वाचत नसत. त्यांची पद्धतच वेगळी होती. व्यासपीठावर डोळे मिटून पुस्तक कुठंही उघडायचं, तेच पान वाचायचं आणि त्यावर तासभर बोलायचं. "पुस्तकाला जिथं उघडायचं तिथं ते उघडतं," असं त्या म्हणत. साऱ्या जिल्ह्यात सभेत पुस्तक उघडणारी ही एकच व्यक्ती होती, आणि आजवर जागृतीच्या एकाही कार्यक्रमाला ती आली नव्हती.

मोहिनीताई आल्या त्या तडक व्यासपीठावरच. जागृती त्यांच्या कानाशी लागली. "मॅडम, एक सांगायचं होतं. पुस्तक उघडू नका. बाइंडिंग अजून ओलं आहे."

"ओलं? म्हणजे अगदी ताजं!" मोहिनीताईंनी एक पुडकं नाकाशी नेलं. "अहाहा! काय वास आहे! थोडा मैद्यासारखा येतो, नाही?"

जागृती खरं काय ते सांगणार, तोच प्रभाकररावांच्या थोरल्या मुलीनं मोहिनीताईंच्या गळ्यात हार घातला, धाकटीनं ओवाळलं, फोटोवाल्यानं सगळ्यांना डावीकडे सरकायला सांगितलं आणि माइक जागृतीच्याच हातात आला. सूत्रसंचालन तिचंच होतं. तिनं प्रकाशनाची घोषणा केली. फिती सुटल्या, गुलाबी कागद उडाले. 'तुरीच्या शेंगा आणि मी' झळकलं आणि प्रभाकररावांनी ते छातीशी असं धरलं, की त्यांच्या मुली रडायला लागल्या. जागृतीलाही रडू आलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

मोहिनीताई उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले आणि पुस्तक उघडलं. कर्रर्र असा आवाज झाला. वाळत आलेली खळ ती. मोहिनीताईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"कारंजाच्या धाब्यावर
एक ट्रकवाला झोपून राह्यला.
त्याच्या खिशातला फोन
कवाचा वाजून राह्यला."

रूपरावांनी "पुढं घ्या" म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. जागृती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला वाटलं, आता हा माणूस उठणार, ओरडणार आणि माझा खेळ संपणार.

"कोनी उठवू नका त्याले,
तो घरी पोचला असन..."

एवढं वाचून मोहिनीताईंनी पान उलटायला बोट लावलं. पान उलटेना. त्यांनी बोटाला थुंकी लावली, नखानं कोपरा खरवडला. कमलाबाईंचा सढळ हात नेमका त्या दोन पानांवरून फिरला होता. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे त्या ट्रकवाल्यापाशी थांबले होते. आणि मग पहिल्या रांगेतून, डाव्या खुर्चीवरून, अगदी हळू आवाज आला.

"सपनातल्या रस्त्यानं.
त्या रस्त्यावर टोल नाई लागत,
अन् दार उघडाले
पोरगी जागीच राह्यते."

मग टाळ्या. साध्यासुध्या नव्हेत, बाकं वाजवून, उभं राहून. मागं कुणीतरी शिट्टी मारली. एक जावई डोळे पुसत होता. जागृतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा होता तसा आनंदाचाही होता. तिनं संपादन केलेलं पुस्तक भर सभेत उघडलं गेलं होतं, वाचलं गेलं होतं, आणि लोक उभे राहिले होते. फक्त बाहेरचं नाव दुसऱ्याचं होतं.

"रूपराव!" मोहिनीताई माइकवर उद्गारल्या. "आज प्रकाशित झालेली कविता तुम्हाला पाठ! कधी कुणाचं कौतुक न करणारे तुम्ही! याहून मोठी दाद कोणती? आणि मित्रहो, मी सांगते, गेल्या दहा वर्षांत या जिल्ह्यात अशी कविता झाली नाही!"

प्रभाकरराव गोंधळून उभे राहिले. त्यांनी माइक घेतला. मुख्याध्यापक माणूस, खोटं बोलायची सवय नाही. "ही कविता माही नाई," ते म्हणाले.

जागृतीनं डोळे मिटले.

"ऐकलंत?" मोहिनीताईंनी दुसरा माइक उचलला. "खरा कवी असंच म्हणतो! कविता आपण लिहीतच नसतो, ती आपल्याकडून लिहून घेते. केवढी ही नम्रता!"

टाळ्या.

"अवो मॅडम, नम्रता नाई. मी जलमात ट्रकवर कविता नाई केली. मी तुरीवर करतो. ही कविता रूपरावांची हाय."

"वा!" मोहिनीताईंनी छातीवर हात ठेवला. "आपली सर्वोत्तम निर्मिती एका सहप्रवाशाला देऊन टाकायची! पंचाहत्तरीच्या दिवशी! याला म्हणतात दातृत्व."

आणखी टाळ्या. प्रभाकरराव हतबुद्ध होऊन लोकांकडे पाहत राहिले. कुणीतरी त्यांच्या गळ्यात आणखी एक हार घातला. आता रूपरावांना राहवेना. ते ताडकन उठले. "अवो, ते खरं बोलून राह्यले! माहीच हाय ही कविता! मी लेहेली!"

"पाहा, पाहा!" मोहिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कविता चांगली असली की वाचकाला ती आपलीच वाटते. आज रूपरावांना ती आपली वाटतेय. मलाही माझीच वाटतेय. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते!" लोक ओरडले.

"तुमाले कशी वाटन बापा? मी लेहेली ना!" रूपराव घसा फोडून सांगत होते आणि लोक त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होते.

जागृतीनं मनाशी ठरवलं. नाव जायचं तर जाऊ दे. एका म्हाताऱ्याचा वाढदिवस आणि दुसऱ्याची कविता, दोन्ही आपण आपल्या अब्रूपायी चिकटवून टाकलं. ती माइकपाशी गेली. "मंडळी, चूक माझी आहे. या मुखपृष्ठाच्या आत भलतंच पुस्तक आहे. तुम्हाला दिसतंय ते हे पुस्तक नाही."

"शाबास जागृती!" मोहिनीताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "संपादक असावा तर असा. एका वाक्यात समीक्षा! प्रत्येक पुस्तकाच्या आत एक वेगळंच पुस्तक दडलेलं असतं."

टाळ्या थांबेनात. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहून देणाऱ्या जागृतीला आज स्वतःचं एक खरं वाक्य लोकांच्या गळी उतरवता येईना. ती हताश होऊन रूपरावांकडे पाहू लागली. रूपरावांनीही तिच्याकडे पाहिलं. मग ते धोतर सावरत पायऱ्या चढले, मोहिनीताईंच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मुखपृष्ठाचा कोपरा धरून जोरात ओढलं.

चर्रर्र आवाज करत 'तुरीच्या शेंगा आणि मी' निघून आलं. प्रभाकररावांचा जवान फोटो लोंबत राहिला. खालून 'पुढं वळण आहे' बाहेर आलं, पाठीमागं कलप लावलेल्या रूपरावांच्या फोटोसह. आता टाळी वाजवायला कुणाचाच हात उठला नाही.

मागच्या रांगेतून कमलाबाईंचा आवाज आला. "रातभर पंख्याखाली ठेवलं असतं तं निंगालं नसतं."

सगळ्यांच्या नजरा मोहिनीताईंकडे वळल्या. कारण याच संग्रहावर त्यांनी स्थानिक पेपरात लिहिलं होतं, 'अनुभव आहे, कविता नाही.' रूपराव ते वाक्य जिल्ह्याभर सगळ्यांना म्हणून दाखवत. आज त्यांनी ते म्हटलं नाही. ते पुस्तक मोहिनीताईंच्या हातात परत देत एवढंच बोलले, "मॅडम, पुढं घ्या."

मोहिनीताईंनी मुखपृष्ठ पाहिलं, आतली पानं पाहिली. "मी तेव्हा हे पुस्तक उघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "घाईत होते. कव्हर पाहून लिहिलं. आज माझी पद्धत मलाच उपयोगी पडली." आणि त्या खाली बसल्या, दुसरं पान उघडलं आणि वाचू लागल्या. तिसरं वाचलं. जेवणाची पानं मांडून झाली, वाढपी दोनदा दारात येऊन गेला, पण माणसं उठेनात. रूपराव आपल्या खुर्चीवर बसून स्वतःच्या कविता ऐकत होते. एकदाही त्यांनी पुढं घ्या म्हटलं नाही.

जागृती प्रभाकररावांच्या पायांपाशी बसली. "सर, मले माफ करा. तुमची पंचाहत्तरी अन् मी असं करून बसली."

प्रभाकररावांनी फाटलेलं मुखपृष्ठ मांडीवर सरळ केलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "माहं पुस्तक सोमवारी येईन ना?"

"हो सर. नक्की."

"मंग येऊ दे," ते म्हणाले. "पोरी, मी ती कविता पहिल्याच ओळीले ओळखली. माह्या घरी हाय ते पुस्तक. त्या पानावर पेन्सिलची खून करून ठेवली हाय."

रूपरावांनी ते ऐकलं. "ते एक पुस्तक तुमी घेतलं? अन् मले कधी सांगतलं नाई?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी डोक्यावर बसले असते," प्रभाकरराव म्हणाले.

सोमवारी खरंच पुस्तकं आली. पण सोमवारपर्यंत ट्रकवाल्याची कविता मोबाइलवरून इतकी फिरली होती, की लोक जागृतीच्या दारात रूपरावांचं पुस्तक मागायला येत होते. कारंजाच्या एका धाबेवाल्यानं तर ती कविता छापून भिंतीवर लावायची परवानगी मागितली. दिवाण रिकामा झाला. जागृतीला इतका आनंद झाला, की तिनं आईला उचलून गिरकी मारली. मग संध्याकाळी मुकेशच्या टेम्पोतून प्रभाकररावांचे गठ्ठे उतरले. सरांच्या घरी जागा नव्हती. पाहुणे गेले होते, मागणारं कुणी नव्हतं. थोड्या प्रती सरांनी ठेवून घेतल्या, बाकी गठ्ठे दिवाणात गेले आणि झाकण बसलं.

जागृतीला ते झाकण लावताना वाईट वाटलं. त्या संग्रहात बरंच काही सुमार होतं, तिनं स्वतः निस्तरलं होतं. पण लेकीच्या लग्नावरची एक कविता होती, तिला तिनं कुठंच हात लावला नव्हता. लावावासा वाटला नव्हता. ती कविता आता दिवाणात अंधारात होती.

दुसऱ्या दिवशी रूपराव आले. "प्रभाकररावांचं पुस्तक दे एक."

"काका, तुमी?"

"मंग? त्यानं माहं घेतलं ना? घेतलं तं वाचावं लागन." आणि जाता जाता दारातून म्हणाले, "चांगलं नसलं तं परत आनून देईन." त्यांनी ते परत आणलं नाही.

उन्हाळा संपता संपता 'पुढं वळण आहे'ची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच सभागृहात समारंभ ठरला. अध्यक्ष अर्थातच मोहिनीताई. पुस्तकं वेळेच्या आधी आली. जागृतीनं स्वतः एकेक प्रत उघडून पाहिली तेव्हा कुठं तिला झोप लागली. आदल्या दिवशी प्रभाकरराव घरी आले.

"जागृती, व्यासपीठावरच्या प्रती माह्याकडं दे. गुलाबी कागदात मी बांधून आनतो. रूपराव माहा मित्र हाय आता."

"सर, तुमी कायले त्रास घेता?"

"त्रास कसला? शाळेत मी पोरांच्या वह्यांले कवर लावत होतो." जाताना त्यांनी कमलाबाईंना सहज विचारलं, "बाई, मैदा चांगला कोनत्या दुकानात भेटते?"

कमलाबाईंनी सांगितलं. जागृती पाहुण्यांचे फोन लावण्यात गुंतलेली होती.

समारंभ रंगला. नानाजी या वेळी वेळेत पोचले आणि भूजलावर थोडक्यात बोलले. फिती सुटल्या, 'पुढं वळण आहे' झळकलं. रूपराव व्यासपीठावर मधोमध, पहिल्या रांगेतली डावी खुर्ची आज प्रभाकररावांची. मोहिनीताईंनी डोळे मिटले आणि पुस्तक उघडलं.

कर्रर्र.

जागृतीच्या हातातला माइक गार पडला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनं झटकन प्रभाकररावांकडे पाहिलं. ते समोर बघत अगदी शांत बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. मोहिनीताई वाचू लागल्या.

"लेक सासरी गेली त्या वर्षी
तूर डोक्याएवढी झाली.
मी शेंगा सोलत बसलो,
वाटीत दाने पडत गेले..."

माणसं पुढं सरकून बसली. बायकांनी पदर सावरले. मोहिनीताईंनी पान उलटायला बोट लावलं, आणि पान उलटेना. मोहिनीताईंनी मान वर केली आणि सावधपणे आधी मुखपृष्ठाचा कोपरा चाचपला. प्रभाकररावांनी घसा खाकरला. ते उठायच्या तयारीत होते, हात गुडघ्यांवर आलेही होते.

त्यांच्या आधीच व्यासपीठावरून, मधल्या खुर्चीतून, रूपरावांचा आवाज आला. पुस्तक हातात नव्हतं, चष्माही डोळ्यांवर नव्हता.

"वाटी भरल्यावर ध्यानात आलं,
खानारी तं गेली."

प्रभाकरराव अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. जागृतीनं माइक बंद केला आणि खुलासा करायला ती काही पुढं गेली नाही.